घाबरणाऱ्या श्रद्धावंताच्या बाजूने

१९२७ साली ख्रिस्ती धर्मावर दोन मोठे वार झाले. मार्चमध्ये लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये बर्ट्रंड रसेलने आपण ख्रिस्ती का नाही, यावर व्याख्यान दिले. धर्म मुळात भीतीवर उभा आहे, अज्ञाताच्या, पराभवाच्या आणि मरणाच्या भीतीवर, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइडचे धर्माला भ्रम ठरवणारे पुस्तक निघाले. निसर्ग आणि मरण यांच्यापुढे लेकरासारखा हतबल झालेला माणूस बापाची सावली शोधतो आणि ती त्याला आभाळात सापडते, असा त्याचा मुद्दा. शंभर वर्षे होत आली, तरी आपल्याकडच्या विवेकवादी चर्चांत हेच दोन मुद्दे फिरत असतात. फक्त रसेलची भाषा आणि फ्रॉइडची मेहनत त्यात नसते. म्हणणे थोडक्यात असे, की मरणाच्या भीतीवर ख्रिस्ती माणसाने स्वर्ग नावाची झोपेची गोळी शोधून काढली आहे, आणि घेणाऱ्याला बरे वाटते म्हणून काही ती खरी ठरत नाही.

यातला शेवटचा भाग मला मान्य आहे. बरे वाटणे हा सत्याचा पुरावा नव्हे, आणि ज्यांना तो पुरावा वाटतो त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. माझी हरकत आधीच्या भागाला आहे: ख्रिस्ती विश्वासाचे काम मरणाची भीती घालवणे हे आहे, या गृहीतकाला. हे गृहीतक टीकाकारांचे एकट्याचे असते तर गोष्ट वेगळी होती. खुद्द मंडळीतही ते मुरलेले आहे. ‘खऱ्या विश्वासणाऱ्याला मरणाचे भय नसते’ हे वाक्य व्यासपीठावरून इतक्या सहजपणे फेकले जाते, की खाटेवर पडलेल्या, रात्री दिवा मालवू न देणाऱ्या माणसाला आजाराबरोबर अपराधही सोसावा लागतो. आपला विश्वास कच्चा निघाला, असे त्याला वाटू लागते. नास्तिक आणि हा उपदेशक एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत, पण श्रद्धा कशासाठी असते यावर दोघांचे एकमत आहे. ती भीतीवरची गोळी आहे; एक म्हणतो खोटी, दुसरा म्हणतो रामबाण. मला दोघांचेही खोडून काढायचे आहे.

सुरुवात मुळापासूनच करू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, अटक होण्याच्या रात्री, येशू गेथशेमाने बागेत आहे. सोबतच्या तिघांना तो सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. थोडे पुढे जाऊन तो जमिनीवर पडतो आणि हा प्रसंग टळावा अशी विनवणी करतो. एकदा नव्हे, तीनदा. मध्येच उठून मित्रांकडे येतो, ते झोपलेले असतात. एकट्याने हे सोसवत नाही म्हणून तो त्यांच्याकडे येतो, हे वाचणाऱ्याला न सांगता कळते. आता शेजारी सॉक्रेटिस ठेवा. प्लेटोने रंगवलेला सॉक्रेटिस आंघोळ उरकतो, रडणाऱ्या मित्रांना दटावतो आणि विषाचा पेला शांतपणे रिकामा करतो. निर्भय मरण हा कस लावायचा तर ख्रिस्ती धर्माचा संस्थापक त्या परीक्षेत ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या मागे पडतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याने हे नेमके हेरले होते. तुमचा देव मरणाच्या भीतीने विलाप का करतो, असा टोमणा त्याने मारला आणि पुढे ख्रिस्ती विचारवंत ओरिगेनला त्याचे सविस्तर उत्तर द्यावे लागले. पहिल्या टीकाकाराची तक्रार येशू घाबरला अशी होती. आजच्या टीकाकाराची तक्रार त्याचे अनुयायी न घाबरण्याची सोय करून घेतात अशी आहे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असणे जरा कठीणच. शिवाय भीती झाकण्यासाठीच हा धर्म रचला गेला असता, तर रचणाऱ्यांनी सगळ्यात आधी ही बागेतली रात्र गाळली असती. ती त्यांनी चारांपैकी तीन शुभवर्तमानांत ठेवली.

सॉक्रेटिस आणि येशू यांच्यातला हा फरक स्वभावाचा नाही, हे ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक ऑस्कर कुलमन याने १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानात दाखवून दिले. सॉक्रेटिसच्या मते आत्मा मुळातच अमर आहे. मरण म्हणजे देहाच्या तुरुंगातून सुटका, मग भ्यायचे कशाला? मराठी वाचकाला हा विचार चटकन आपला वाटतो, कारण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून तो लहानपणापासून कानावर पडलेला असतो. आणि म्हणूनच ख्रिस्ती आशेलाही आपण त्याच साच्यात ओततो. पण ती त्या साच्यात बसत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा मरणाला मित्र, दरवाजा, वस्त्रबदल यांपैकी काहीच म्हणत नाही. तो त्याला शत्रू म्हणतो, सगळ्यात शेवटी नष्ट होणारा शत्रू. मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी, त्याला आता उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडतो. मरण खरे आहे, संपूर्ण माणूस मरतो आणि देवाने उठवला तरच तो उठतो: पुनरुत्थानाच्या शिकवणीचा गाभा हा आहे. ज्याला शत्रू मानायचे त्याची भीती वाटणे ही श्रद्धेतली उणीव कशी ठरेल?

फ्रॉइडच्या मुद्द्याला आणखी एक मोठी अडचण आहे आणि ती बायबलच्या जुन्या भागात आहे. देवाची कल्पना मरणाच्या धास्तीतून निघाली असेल, तर जिथे देव आहे तिथे परलोकाचे आश्वासन सुरुवातीपासून हवे. इब्री लोकांच्या इतिहासात असे दिसत नाही. शतकानुशतके ते एका देवाची उपासना करीत राहिले आणि मेल्यावर त्यांना मिळणार काय, तर अधोलोक: जिथे राजा आणि गुलाम सारखेच मुके पडून आहेत, जिथून देवाची स्तुतीही होत नाही. स्तोत्रकर्ता देवाशी याच मुद्द्यावर हुज्जत घालतो, की मी मेलो तर तुझी स्तुती करणार कोण. उपदेशकाचे पुस्तक तर माणूस आणि पशू दोघांचा शेवट एकच, इथपर्यंत जाते. मेलेले उठतील हे स्पष्टपणे येते ते दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, आणि तेही अन्यायाने मारल्या गेलेल्यांना न्याय मिळणार की नाही या प्रश्नाचे उत्तर म्हणून. येशूच्या काळातही यहूद्यांमधले सदूकी लोक पुनरुत्थान मानत नव्हते आणि मंदिराचा कारभार मुख्यतः त्यांच्याच हाती होता. ज्या परंपरेने आधी देव मानला आणि परलोकाचे काय ते कित्येक शतकांनी ठरवले, तिच्यावर स्वर्गासाठी देव शोधल्याचा आरोप चिकटत नाही. इतर धर्मांबद्दल फ्रॉइड बरोबर असेलही. या धर्माची वंशावळ त्याने नीट पाहिली नाही.

मग विश्वास भीती घालवत नसेल तर करतो काय? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याचे उत्तर आहे. मरणाच्या भीतीपायी माणसे जन्मभर गुलाम होतात आणि ख्रिस्त त्यांना त्या गुलामीतून सोडवतो, असे ते पत्र सांगते. भीती वाटणे एक आणि भीतीने सांगितलेली कामे करणे दुसरे. भीती धन्यासारखी हुकूम सोडते: शेजारी आजारी आहे, दार लाव, साक्ष देऊ नकोस, पैसा साठव, अजून साठव, मुलांनी आपल्या नावाचा फलक लावावा याची आत्ताच तजवीज कर. एपिक्युरसने यावर दिलेला उतारा प्रसिद्ध आहे. आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आले की आपण नाही, तेव्हा काळजी मिटली. तर्क चोख आहे, पण तो फक्त माझ्या मरणाला लागू पडतो. लेकराच्या मरणाची भीती, जोडीदारामागे उरण्याची भीती, यांवर एपिक्युरसकडे सांगण्याजोगे फारसे काही नाही. आणि माणसाला गुलाम करते ती बहुधा हीच भीती.

गुलामी सुटते म्हणजे काय होते, हे तपासायला तिसऱ्या शतकातली साथ उपयोगी पडते. इ.स. २५०च्या आसपास एका रोगाने रोमन साम्राज्य पिळून काढले. तो देवी होता की रक्तस्रावी ताप, यावर आजही एकमत नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने लक्षणे लिहून ठेवली आहेत: थांबत नाही असे जुलाब, घशात आग, उलट्या, रक्ताने भरलेले डोळे, कुजणारे हातपाय, कुणाला बहिरेपण तर कुणाला आंधळेपण. त्याच्या मंडळीतल्यांना धक्का बसला होता तो साथीपेक्षा वेगळ्या गोष्टीचा. मूर्तिपूजकांसारखेच ख्रिस्तीही मरत होते. मग विश्वासाचा फायदा काय? सिप्रियनने इ.स. २५२च्या सुमारास लिहिलेल्या निबंधात सांगितले की देह सगळ्यांना सारखाच मिळाला आहे, त्यात सवलत मागू नका. पुढे त्याने सगळ्यांना कामाला लावले. कुणी पैसा दिला, कुणी अंगमेहनत. त्याचा चरित्रकार पॉन्शियस सांगतो, की काही काळापूर्वीच छळ करणाऱ्यांचीही शुश्रूषा करायला त्याने लावले. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याचे पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवले आहे. आजाऱ्यांना उचलणारे, मेलेल्यांचे डोळे मिटणारे, त्यांना अंघोळ घालणारे आणि काही दिवसांत त्यांच्याच वाटेने जाणारे लोक त्यात दिसतात. इतर लोक मात्र अर्धमेल्या नातेवाइकांना रस्त्यावर टाकत होते, असेही तो लिहितो.

इथे शंका येणारच, की हे सगळे घरचे साक्षीदार आहेत. शंका रास्त आहे, आणि डायोनिसियसने दुसऱ्या बाजूला जरा जास्तच काळे फासले असावे असे मलाही वाटते. पण बाहेरचा, आणि चांगलाच वैरी असलेला, एक साक्षीदार उपलब्ध आहे. सम्राट ज्युलियन याला ख्रिस्ती धर्म मोडून जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू करायची होती. इ.स. ३६२च्या सुमारास गॅलेशियाच्या मुख्य पुजाऱ्याला तो चिडून लिहितो, की या लोकांचा धर्म वाढला तो परक्यांची केलेली विचारपूस आणि मृतांच्या दफनाची घेतलेली काळजी यांमुळे. ते आपल्या गरिबांनाही पोसतात, आपण काय करतो? शत्रूने तक्रारीच्या सुरात दिलेली ही कबुली मी डायोनिसियसच्या पत्रापेक्षा वजनदार मानतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क याने १९९६च्या पुस्तकात पुढचा हिशेबही मांडला: औषध नसतानाही नुसते पाणी, अन्न आणि ऊब मिळाली तरी अशा साथीत बरेच लोक वाचतात. त्याचे आकडे अंदाजाचे आहेत, तर्क मात्र कोणताही डॉक्टर मान्य करील.

सिप्रियनचे उदाहरण मला आणखी एका कारणासाठी मोलाचे वाटते. हा माणूस शूर म्हणून जन्मला नव्हता. इ.स. २५०मध्ये सम्राट डेशियसच्या छळाच्या वेळी तो कार्थेज सोडून लपला आणि त्यासाठी त्याला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. दोन वर्षांनी तोच साथीच्या शहरात थांबला आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा पळून जायची संधी असूनही तो गेला नाही. पळालेला सिप्रियन विश्वासणारा नव्हता आणि थांबलेला होता, असे कुणी म्हणणार आहे का? मात्र त्याच्या त्याच निबंधात मृतांसाठी शोक करू नये, काळे कपडे घालू नयेत असा जो सूर आहे, तो मला पटत नाही. लाजरापाशी रडलेल्या प्रभूपेक्षा शिष्य कडक झाला, असेच मी म्हणेन.

बाराशे-तेराशे वर्षांनंतर हाच प्रश्न विटेनबर्गला आला. १५२७च्या ऑगस्टमध्ये तिथे प्लेग शिरला, तिथल्या शासकाने, इलेक्टरने, विद्यापीठ हलवले आणि मार्टिन लूथरलाही निघायला सांगितले. तो गेला नाही. पत्नी काटारीना गरोदर होती, तरी त्यांचे घर, म्हणजे जुना मठ, रुग्णालय झाले. महापौराची पत्नी जवळजवळ लूथरच्या हातांतच गेली. त्या वर्षी लूथर स्वतः खोल नैराश्यातून जात होता, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. याच महिन्यांत ब्रेस्लाउच्या योहान हेसने विचारलेल्या प्रश्नाचे, ख्रिस्ती माणसाने साथीतून पळावे का, याचे उत्तर त्याने लिहिले. शूर उपदेशाची अपेक्षा ठेवून ते वाचणाऱ्याची निराशा होईल. मरणापासून पळण्याची इच्छा देवानेच माणसात घातली आहे, ती पाप नाही, असे तो म्हणतो. ज्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही त्याने खुशाल जावे. पाळक, न्यायाधीश, वैद्य, मालक, नोकर, आईबाप यांनी मात्र आपल्या जागी दुसरा कुणी असल्याशिवाय जाऊ नये. पुढे तो औषध घ्या, घर धुरी देऊन शुद्ध करा, गरज नसेल तिथे फिरकू नका असे सांगतो आणि देव राखील म्हणून काळजी न घेणाऱ्यांना देवाची परीक्षा पाहणारे म्हणून झापतो. कबरस्तान गावाबाहेर असावे, अशीही सूचना आहे. कोविडच्या वर्षांत प्रार्थनेपुढे मुखपट्टीची गरज नाही म्हणणाऱ्या प्रचारकांना हे पाचशे वर्षांपूर्वीचे पत्रक कुणीतरी वाचून दाखवायला हवे होते. निर्भयता नव्हे, तर भय वाटत असताना कुणाशी बांधले गेलो आहोत, हा त्याचा निकष. आणि १५४२मध्ये तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना गेली तेव्हा तोच लूथर मित्राला लिहितो, की ती कुठे गेली हे माहीत असूनही आम्हा दोघांना हुंदका आवरत नाही.

आता सगळ्यात बोचरी हरकत. मरणाची भीती चर्चनेच वाढवली ना? नरकाची चित्रे, शेवटच्या घटकेची धास्ती, पैसे भरून शिक्षा कमी करून घेण्याचा बाजार? होय, वाढवली. १५१७च्या आधी योहान टेट्झेल जर्मनीत क्षमापत्रे विकत फिरत होता आणि मेलेल्या आईबापांच्या यातना डोळ्यांपुढे उभ्या करून गरिबांची थैली रिकामी करीत होता. यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण लक्षात घ्या, भीतीचा हा धंदा त्याच गृहीतकावर चालतो: धर्माचे गिऱ्हाईक म्हणजे घाबरलेला माणूस. आधी घाबरवा, मग उतारा विका. लूथरचे पंच्याण्णव सिद्धांत या बाजाराविरुद्ध होते आणि ते लिहिणारा चर्चमधलाच एक साधू होता.

दुसरी हरकत आपल्या मातीतली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्याच काळात पंडिता रमाबाई दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणून सांभाळत होत्या. त्या ख्रिस्ती होत्या. मग धैर्याचा आणि ख्रिस्ती विश्वासाचा संबंध काय उरला? मक्तेदारीचा दावा मी करीतच नाही, आणि जो करील त्याने पुण्यातल्या त्या मुलाची गोष्ट आधी वाचावी. पण या उदाहरणाने टीकाकाराचाच पाय अडकतो. सावित्रीबाईंना मरणाची भीती वाटत नव्हती म्हणून त्या गेल्या, की प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेवरचा सत्यशोधक विश्वास त्या भीतीपेक्षा मोठा होता म्हणून? दुसरे उत्तर मान्य असेल, तर विश्वास भीतीवर गुंगी आणतो हा सिद्धांत तिथेच संपला. विश्वास माणसाला भीतीसकट उभा करू शकतो हे ठरले. ख्रिस्ताचे पुनरुत्थान झाले की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो इतिहासाचा आणि विश्वासाचा प्रश्न आहे, आणि ते घडले नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे हे पौलानेच आधी सांगून ठेवले आहे. झोपेच्या गोळीचा विक्रेता असले इशारे देत नसतो.

राहिला एक पुरावा, जो माझ्या बाजूच्या लोकांना नकोसा वाटेल. २००९मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ३४५ प्रगत कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराला तोंड देताना धर्माचा आधार जास्त घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के रुग्ण अखेरीस कृत्रिम श्वासयंत्रावर गेले. कमी आधार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३.६ टक्के होते. म्हणजे स्वर्गावर विश्वास ठेवणारेच इथून निघायला जास्त नाखूश! टीकाकार यावर हसतील आणि त्यांना हसू द्यावे. या आकड्यामागे कारणे अनेक असतील, पण एक मला स्पष्ट दिसते. ज्याला सांगितले गेले की विश्वास पक्का असेल तर चमत्कार होईल, त्याला नळी काढायला संमती देणे म्हणजे विश्वास सोडणे वाटते. घरचेही तेच धरून बसतात. व्यासपीठावरच्या त्या सहज वाक्याची किंमत अशी अतिदक्षता विभागात मोजली जाते. पाळकाने रुग्णाच्या उशाशी बसून डॉक्टर काय म्हणाले ते विचारावे, यंत्र हवे की नको हे शुद्ध असतानाच त्याच्याकडून आणि घरच्यांकडून समजून घ्यावे, कुणाशी अबोला असेल तर त्याला निरोप धाडावा, आणि रुग्ण मला भीती वाटते म्हणाला तर त्याला विश्वासाचे धडे न देता रात्री तिथे थांबावे. गेथशेमानेत तिघांकडे एवढेच मागितले होते आणि तेवढे त्यांना जमले नाही.